पाचवं पान

वेल्समधल्या कार्डिफला तीन दिवस राहायचं आणि त्यातलं एक जेवण खऱ्या इटालियन हॉटेलात करायचं, हा ठराव आमच्या घरात चार विरुद्ध एक मतांनी नामंजूर झाला. विरोधी मत अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं होतं, आणि आमच्याकडे मतं मोजत नाहीत, त्यांचं वजन करतात. पण माझ्या नवऱ्याने, पुष्करने, टेबल आधीच बुक करून टाकलं होतं. वडिलांना कधीही उलट न बोलणारी मुलं वडिलांना न विचारता बुकिंग करतात, ही नोंद मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी करून ठेवली आहे.

बुकिंगही सुखासुखी झालं नव्हतं. खानझोडे हे आडनाव नागपुरात उच्चारलं की लोक खुर्ची देतात. कार्डिफला फोनवर उच्चारलं तर पलीकडे शांतता पसरते. पुष्करने पाऊण आडनाव स्पेल केलं आणि मग स्वाभिमान गिळून "जस्ट पुट पुश" असं सांगितलं. टेबल फॉर फाइव्ह, नेम पुश. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं घराणं दारावरच्या सूचनेइतकं उरलं.

हॉटेलची निवड मात्र वैजयंतीताईंची. त्या रीडिंगला, म्हणजे आमच्याच गावात, मागच्या रस्त्यावर राहतात. त्या इंग्लंडला आल्या तेव्हा या देशात कोथिंबीर मिळत नव्हती आणि आज मिळते, यात आपला थेट हात आहे अशा सुरात त्या सल्ला देतात.

"चेनमध्ये मुळीच जाऊ नकोस हं मंजिरी. जिथे आत म्हातारी स्वतः ढवळत असते ना, तिथे जा. वेल्समध्ये जुने इटालियन खूप. आधी करून ठेवलेलं काही नसतं त्यांच्याकडे. ऑर्डर दिली की टाकतात. एकेक पॅन."

'एकेक पॅन' ऐकून मला फार आनंद झाला होता. यावरून माझी दूरदृष्टी लक्षात यावी.

"आणि आईंची गोळी," वैजयंतीताईंनी श्वास घेतला तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी, शशीकाकांनी, बोलून घेतलं, "ताट समोर आल्यावरच द्या. इकडे सर्व्हिस स्लो असते."

"काही ऐकू नकोस ह्यांचं. डॉक्टरने अर्धा तास आधी सांगितलीय ना? मग अर्धा तास आधी."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, यमुनाबाई. त्यांना साखरेचा त्रास आहे. ती गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी पडावंच लागतं. नाही पडलं तर साखर उतरते, हातापायांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो. घरी हे कधी झालं नाही, कारण घरी जेवण माझ्या हातात असतं आणि गोळी घड्याळाच्या. सुट्टीवर मात्र दोन्ही पुष्करच्या हातात होतं.

आता अप्पांचं एक सांगायला हवं. अप्पा नागपूरला विद्यार्थी वसतिगृहाचे अधीक्षक होते. निवृत्त झाले, पण वसतिगृह त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. रोज दोन्ही वेळा सव्वाशे मुलांची पंगत आणि तिचा एकच कायदा: शेवटच्या पानावर सगळं वाढून होईपर्यंत पहिल्या पानावरच्या मुलाने घासाला हात लावायचा नाही. त्या मुलांपैकी दोघे पुढे कलेक्टर झाले. अप्पांच्या मते ते पंगतीमुळे. उरलेले कशामुळे झाले नाहीत, हे त्यांना विचारायची माझी प्राज्ञा नाही. रीडिंगला आल्यापासून घरी मी पाचही ताटं एकदम वाढत होते, त्यामुळे हा कायदा अस्तित्वात आहे हेच आम्ही सगळे विसरलो होतो. कायद्यांचं असंच असतं. मोडायची वेळ येईपर्यंत ते दिसत नाहीत.

त्या शनिवारी कार्डिफात रग्बीचा सामना होता. हे सगळ्या ब्रिटनला माहीत होतं, एक आम्ही सोडून. स्टेडियमच्या आसपासचे रस्ते बंद, गावभर लाल जर्सी घातलेले लोक, आणि पुष्कर 'मला शॉर्टकट माहीत आहे' या चेहऱ्याने स्टिअरिंगवर. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या गावात त्याला शॉर्टकट माहीत होता. शेवटी पिवळा डगला घातलेल्या एका गृहस्थाने त्याला अत्यंत सभ्य शब्दांत, गाडी गावाबाहेर लावून बसने परत यायच्या पार्क अँड राइडकडे हाकललं. जाता जाता आम्हा चौघांना पुष्करने हॉटेलच्या कोपऱ्यावर उतरवलं. गडबडीत माझी मोठी पर्स गाडीत राहिली. खरं म्हणजे राहिली नाही, मी ठेवली. फोटोत छोटी पर्स बरी दिसते. आईंची ग्लुकोजची बिस्किटं मोठ्या पर्समध्ये होती. ही रक्कम माझ्या नावे लिहा. बाकीच्या मी इतरांच्या नावे टाकणार आहे.

थोड्या वेळाने पुष्करचा फोन आला. "बसमध्ये बसलो. पाच मिनिटांत पोचतो. आईला म्हणावं गोळी घेऊन टाक, बसलं की लगेच जेवण."

आईंनी मुलाच्या शब्दावर गोळी घेतली. आई मुलांच्या शब्दावर काहीही घेतात.

हॉटेल अगदी वैजयंतीताईंनी सांगितलं तसं निघालं. लाल चौकटीचे टेबलक्लॉथ, भिंतीवर इटलीतल्या कुठल्याशा डोंगरी खेड्याचे फोटो, स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी, आणि त्या खिडकीत मालकीण. मिसेस बेलीनी. ठेंगण्या, काळ्या कपड्यांतल्या, भुवया कोळशाने काढल्यासारख्या. वाढायला त्यांचा मुलगा मार्को, पन्नाशीचा, सहा फुटी, आणि आमचा पुष्कर वडिलांना घाबरतो तितकाच आईला घाबरणारा.

"हाऊ मेनी, लव्ह?"

"फाइव्ह. वन इज कमिंग."

"अरे अरे. होल पार्टी आल्याशिवाय बसवता येत नाही, लव्ह. मामचा रूल आहे." हे तो खिडकीतल्या मामकडे, म्हणजे आईकडे, बघत अर्थातच इंग्रजीत म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरची अगतिकता शुद्ध मराठी होती.

मी भांडायच्या तयारीत होते. तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. इंग्लंडात आल्यापासून इतका प्रसन्न आवाज मी ऐकला नव्हता.

"बरोबर आहे त्यांचं! सगळे जमल्याशिवाय बसायचं नाही. याला म्हणतात शिस्त. काय गं अन्वी, पाहून राहिलीस ना?"

"आजोबा, पण मला भूक लागला," आठ वर्षांची माझी लेक म्हणाली. मराठीचं लिंग आणि इंग्लंडचं हवामान, दोन्हीबाबत ती कसलीच खात्री देत नाही.

पुष्करची पाच मिनिटं संपली तेव्हा गोळीच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं संपली होती. तो आला, आम्ही बसलो, ऑर्डर दिली. अन्वीचा पिझ्झा, आईंना पालक भरलेली राव्हिओली, पुष्करला आणि मला वेगवेगळे पास्ते. अप्पांनी मेन्यू वाचला. शेवटपर्यंत वाचला, मागचं पान उलटून फोन नंबरही वाचला आणि विचारलं, "भात नाही का काही?"

"रिझोटो आहे अप्पा. भाताचाच प्रकार. पण लिहिलंय बघा, वेळ लागतो."

"लागू दे. भाताला वेळ लागतोच. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. त्याची थकबाकी पुढे निघाली.

ब्रेडची टोपली आली. मी ती लगबगीने आईंसमोर सरकवली. "आई, घ्या एक तुकडा."

"यांचं येऊ दे आधी."

"गोळी घेतलीय तुम्ही."

"अगं येईलच की आता. मुलगा म्हणून राहिला ना, लगेच येते."

आणि आलं, अगदी लगेच आलं. अन्वीचा पिझ्झा! वाफाळलेला, चीज अजून उकळतंय. तिने हात घातला.

"थांब," अप्पा म्हणाले.

तो 'थांब' वसतिगृहाचा होता. त्यावर सव्वाशे हात थांबलेले आहेत. अन्वीचा थांबला, पुष्करचाही थांबला, वास्तविक त्याच्यासमोर अजून काही आलेलंच नव्हतं. शेजारच्या टेबलावर लाल जर्सीतल्या एका धिप्पाड माणसाचा काटासुद्धा क्षणभर हवेत राहिला.

मग राव्हिओली आली. मग पुष्करचा पास्ता. मग माझा. चार ताटं पुढ्यात आणि पाच जण हात मांडीवर ठेवून बसलेले. जणू कुणी आमचा फोटो काढणार आहे आणि तो फोटोग्राफर पुष्करच्या बसमध्ये आहे.

"आजोबा, माझा पिझ्झा थंड होते. इट्स नॉट फेअर."

"सगळ्यांचं येऊ दे, बेटा."

"एव्हरीथिंग ऑल राइट?" मार्कोने विचारलं.

"लव्हली!" पुष्कर म्हणाला. न चाखलेल्या अन्नाला इतकी मनापासून दाद मी प्रथमच ऐकली.

खिडकीत भुवया दिसल्या. मिसेस बेलीनींनी चार भरलेली ताटं पाहिली, मांडीवरचे दहा हात पाहिले आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण चाल ओळखीची होती. नागपूरला माझ्या चुलतसासूबाई माझी पहिली पोळी पाहून याच चालीत बोलल्या होत्या. मार्को आला आणि चारही ताटं उचलून घेऊन गेला.

"हे काय!" मी ओरडले.

"मामला वाटतं, तुम्हाला आवडलं नाही. ती गार अन्न गरम करत नाही. परत करते, सगळं नवीन."

चारांवरून आम्ही शून्यावर आलो. अप्पा मात्र खुशीत. "पाहिलं? थोडं थांबलं की ताजं मिळतं."

मी आईंकडे पाहिलं. कपाळावर घाम चमकायला लागला होता. मी मार्कोला गाठलं आणि संत्र्याचा रस मागितला, भरपूर साखर घालून. पेयाला पंगतीचा कायदा लागू नाही, हा मुद्दा मी मनात तयार ठेवला होता. मार्कोने खांदे उडवले. मॅचवाल्यांनी दुपारीच सगळा रस संपवला होता, कशात मिसळून ते त्याने सांगितलं नाही. उरलं होतं फक्त डाएट कोक. साखर हवी असलेल्या बाईला साखर नसलेलं पेय! आणि ते त्याने बर्फ घालून आणूनही दिलं.

दुसरी फेरी आली. पिझ्झा, राव्हिओली, पास्ता, पास्ता. रिझोटो नाही. आम्ही पुन्हा मांडीवर हात ठेवून बसलो.

आता माझ्या डोक्यात हिशेब लख्ख उजाडला. पाचवं पान आल्याशिवाय अप्पा पहिल्या चार पानांना हात लावू देणार नाहीत. आणि आपलं अन्न नाकारलं म्हणून दुखावलेल्या मिसेस बेलीनी पहिली चार पानं कुणी खाल्ल्याशिवाय पाचवं टाकणार नाहीत. खिडकीतून मला स्पष्ट दिसत होतं: तांदूळ कढईशेजारी वाटीत कोरडा पडलेला, आणि बाई हाताची घडी घालून उभ्या. दोन राज्यकर्ते, दोन्ही तत्त्वनिष्ठ. अशा वेळी मरते ती प्रजा.

पुष्करने मुत्सद्देगिरी करायचं ठरवलं. तो मार्कोच्या कानाशी लागला. "इट्स रिलिजस. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं ताट आल्याशिवाय आमच्यात कुणी जेवत नाही."

मार्को खिडकीशी गेला. मिसेस बेलीनींच्या चेहऱ्यावर क्षणभर भक्तिभाव उमटला, त्यांनी छातीवर क्रूसही काढला. पुढच्याच क्षणी त्या हात नाचवत काही बोलल्या. मार्को परत आला.

"माम विचारते, मग त्यांनी रिझोटो का मागवला? सगळ्यात जास्त वेळ लागतो तोच?"

धर्मशास्त्रात या प्रश्नाला उत्तर नाही. पुष्करने पाणी पिण्याचं निमित्त केलं.

"काय म्हणून राहिली ती?" अप्पांनी विचारलं.

"म्हणते, करतेय," पुष्कर म्हणाला.

"खोटं बोलून राहिला," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई कधी असं बोलत नाहीत. लग्नापासून माझ्या जमाखर्चात आईंच्या पानावर बोलण्याची रक्कम जवळपास कोरीच आहे. पण साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो, हे मी डॉक्टरांच्या पत्रकात वाचलं होतं. त्या पत्रकात हे लिहिलं नव्हतं की तो खरंही बोलायला लागतो.

"लहानपणापासूनच खोटं बोलते हा," आई पुष्करकडे बोट दाखवून म्हणाल्या. बोट थरथरत होतं. "दहावीत गणितात किती पडले होते, अजून यांना माहीत नाही."

"आई!"

"किती पडले होते?" अप्पा.

"अप्पा, ते नंतर," मी म्हटलं. "आईंचा हात बघा. त्यांना आत्ताच्या आत्ता खायला पाहिजे. आई, घ्या हा ब्रेड, माझी शपथ."

आईंचा हात टोपलीकडे गेला. गेला, आणि अर्ध्यावर थांबला. सवयीने त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पाही आता जरा घाबरले होते. पण माणूस घाबरला की आधी सवय बोलते.

"घे, घे," ते म्हणाले, आणि पुढे, न राहवून, "तसं दोनच मिनिटांत सगळ्यांचंच येईल म्हणा."

माझ्या मते हे वाक्य त्यांनी गिळायला हवं होतं. पोटात तेवढंच काहीतरी गेलं असतं.

"सगळ्यांचं," आई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "कोण हो सगळे? सणासुदीला तुमच्या त्या हॉस्टेलात श्रीखंड कोण वाढत होतं? मी. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तुम्ही उभे राहून विचारायचे, सगळ्यांचं आलं का, सगळ्यांचं आलं का. पोरं ओरडायची, आलं! मी पातेलं घेऊन तिथेच उभी असायची. माझं पान कुठल्या रांगेत होतं?"

मला वाटतं अप्पा खरोखर आठवत होते. मनातल्या मनात त्या लांबलचक दालनातली पानं एकेक करून मोजत असावेत.

"तुम्ही जेवून झोपायचे, मग मी बसायची. पातेल्यात उरलं तर." आईंनी राव्हिओलीचं ताट स्वतःकडे ओढलं. काटा त्यांना धरता येईना, इतका हात कापत होता. त्यांनी काटा बाजूला ठेवला, बोटांनी एक राव्हिओली उचलली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. मग ब्रेडचा जाड तुकडा सॉसमध्ये बुडवून, चांगला घोळवून.

"अगं..." अप्पा म्हणाले.

खिडकीत मिसेस बेलीनी पुढे झुकल्या. बोटं सॉसने लाल झालेली, डोळे मिटून चावणारी नऊवारीतली बाई त्यांनी पाहिली. "एक्को!" 'अस्सं!' म्हणावं तशा त्या ओरडल्या, आणि कढई शेगडीवर आदळल्याचा आवाज झाला. तांदूळ पडला.

"आता मी खाऊ?" अन्वीने विचारलं. तिने आजोबांना नाही, आजीला विचारलं. आठ वर्षांची असली तरी सत्ता कुठे गेली हे तिला आमच्या आधी कळलं होतं.

"खा," आई म्हणाल्या. "सगळे खा. गार झालं की दगड होते ते."

आम्ही खाल्लं. काय चव होती हे मला सांगता येणार नाही, कारण पुष्कर आणि मी खाली मान घालून इतक्या वेगाने जेवत होतो की पंगतीतल्या सव्वाशे मुलांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या असत्या. आईंचा घाम हळूहळू ओसरला, हात स्थिर झाला. हात स्थिर झाल्यावर त्या पुन्हा गप्प होतील आणि सगळं पूर्ववत होईल, अशी पुष्करची आशा मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. आईंनी ताट ब्रेडने पुसून लख्ख केलं, बोटं नॅपकिनला पुसली आणि त्याला विचारलं, "सांगू का गणिताचे मार्क?" आशा मावळली.

आमची ताटं उचलून नेल्यावर रिझोटो आला. तो मार्कोने नाही, मिसेस बेलीनींनी स्वतः आणला. अप्पांसमोर ठेवला आणि हाताची घडी घालून तिथेच उभ्या राहिल्या, पानावर लक्ष ठेवायला. वसतिगृहात अप्पा असेच उभे राहत असावेत.

अप्पांनी चमचा उचलला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. टेबल रिकामं. आयुष्यभर माणसांच्या रांगेत जेवलेला हा माणूस. एकट्याने, चार जणांच्या आणि एका परक्या बाईच्या देखत घास कसा घ्यायचा, हे त्याला ठाऊकच नव्हतं. चमचा ताटाच्या काठावर टेकवून ते आईंकडे वळले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

"तू घेतेस का थोडा? सोबतीला?"

आईंनी खुर्चीत मागे टेकून पदर नीट केला.

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सावकाश होऊ द्या."